तात्याच्या ताटाचा हिशोब: पाला स्वस्त, किडे महाग, ट्यूब सगळ्यात महाग

माझ्या पाळीव सरड्याने, तात्याने, वर्ष ओलांडलं आणि खर्चाची वही उलटीपालटी झाली. बिअर्डेड ड्रॅगनचं (तात्याची जात हीच) पिल्लू वाढत असतं तेव्हा ताटात तीन हिस्से किडे आणि एक हिस्सा पाला. मोठ्याचं बरोबर उलटं. किडे आठवड्यातून दोन-तीनदा, तेही मोजके. नाहीतर नुसती चरबी चढते. पूर्वी किड्यांवर महिन्याला दीड हजाराच्या आसपास जायचे, आता चारशेच्या आत भागतंय. म्हणून नव्याने पिल्लू घेणाऱ्यांना माझं सांगणं असतं की पहिल्या वर्षाचे पैसे आधी बाजूला काढा, मग पिल्लू बघायला जा.

पाल्याची काळजी ठाण्यात नको. परदेशी माहितीत कोलार्ड आणि डँडेलियनचा पाला असतो, तो शोधत फिरू नका. जांभळी नाक्याला शेवग्याचा पाला मिळतो, थंडीत मोहरीचाही. मुळा घेणारी बरीच गिऱ्हाइकं पाला तिथेच मोडून टाकतात, तो भाजीवाली मावशी मला फुकट देते. "ताई, ससे पाळलेत का गं?" मी हो म्हणते. सरडा म्हटलं की अर्धा तास तिथेच जातो. वर लाल भोपळ्याचा कीस आणि सोसायटीतली जास्वंद, पण माळीकाकांना फवारणीचं विचारूनच. पालक आणि चुका बंद, कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडकवून ठेवतं. महिन्याला दोनशे रुपयांत पाला आटोपतो.

किड्यांचा आकडा उतरला त्यात घरी वाढवलेल्या डुबिया झुरळांच्या कॉलनीचाही हात आहे. डुबिया गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत, त्यामुळे उभा डबा, झाकणाला जाळी आणि आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे एवढं पुरतं. त्यांना 28 ते 32 अंश लागतात, म्हणजे आपलं नेहमीचंच हवामान. जानेवारीच्या रात्री सोडल्या तर हीटर लागत नाही. खाणं म्हणजे गिरणीतला गव्हाचा कोंडा, गाजराची सालं, दुधीचे तुकडे. तात्याला द्यायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांना पोटभर चांगला पाला घालायचा, कारण किड्याच्या पोटात जे असतं तेच शेवटी तात्याच्या पोटात जातं. पावसाळ्यात ट्रे दमट होतात आणि बुरशी धरतात, तेव्हा ओला खाऊ रात्री घालून सकाळी काढून घेते. घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये. पिल्लाचा प्रौढ किडा व्हायला चार-सहा महिने लागतात, तोवर विकतचे किडे चालूच. आणि आईची परवानगी लागते. "झुरळं मारायला औषध आणायचं सोडून ही पाळतेय," हे वाक्य आमच्याकडे रोजचं आहे.

बाल्कनीत पकडलेले नाकतोडे फुकट असले तरी नकोत, त्यांनी काय खाल्लंय ठाऊक नसतं. काजवा तर चुकूनही नको. एकाने जीव जाऊ शकतो.

आता खरा पैसा. नाकतोडा घ्या, मीलवर्मच्या अळ्या घ्या, बहुतेक किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणून वर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. पण यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, मिळाल्याशिवाय अंगात डी3 जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही आणि पूड आली तशी निघून जाते. हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. बाल्कनीत उघड्यावर ठेवलं तर घारी आणि कावळे, आणि जून ते सप्टेंबर ऊन असतंच कुठे? म्हणून यूव्हीबी ट्यूब मी विजेच्या नाही, जेवणाच्या खात्यात लिहिते. ती उजेड देत राहते, पण यूव्हीबी आधीच उतरलेलं असतं. म्हणून साधारण वर्षाने बदलायची, आणि एका ट्यूबच्या पैशांत पाल्याचं वर्ष सहज निघतं. बास्किंगचा, म्हणजे अंग शेकायचा, 75 वॉटचा बल्ब बारा तास चालला तर महिन्याला 27 युनिट. एप्रिल-मेमध्ये मी कमी वॉटचा लावते, तेवढेच वाचतात.

सध्या कॉलनीत पंखवाले नर फार झालेत, माद्यांना स्वस्थ बसू देत नाहीत. घोडबंदर किंवा माजिवडा बाजूला कुणाला डबाभर हवे असतील तर सांगा. बदल्यात ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या चालतील, त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर असतं.