चालतंय ना, मग हात कशाला लावता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तसे हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. लग्नात पंगतीला शेजारी बसलेले काका, नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, ऑफिसात नव्यानं लागलेली मुलं, सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच: तुमचा तो कंपायलर तयार आहे, लोक वापरतायत, मग वर्षानुवर्षं त्याच्यावर करता काय? आणि एवढा जुना झाला असेल तर एकदाचा पाडून नवा का नाही बांधत?

‘पाडून नवा’ हे शब्द सेक्रेटरींचे. सोसायटीत सध्या रिडेव्हलपमेंटचं वारं आहे, त्यामुळे त्यांना दुसरं काही सुचत नाही. उपमा तशी वाईट नाही, पण एका जागी अडते. रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर भाडं देतो आणि माणसं दोन-तीन वर्षं दुसरीकडे राहतात. आमच्या कंपायलरवर ज्यांचं काम चाललंय त्यांना एक दिवससुद्धा दुसरीकडे पाठवता येत नाही.

आधी कंपायलर म्हणजे काय ते थोडक्यात: एका भाषेत लिहिलेलं दुसऱ्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. मी महापे एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत आहे. चिपचं डिझाइन आता चित्रं काढून होत नाही, मजकूर लिहून होतं. त्याच्या भाषा ठरलेल्या आहेत. व्हीएचडीएलचं आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेनं ठरवलेलं प्रमाणक १९८७ सालचं, व्हेरिलॉगचं १९९५ सालचं. या भाषा बऱ्याच खालच्या पातळीच्या, म्हणून अनेक ठिकाणी वरची एखादी भाषा वापरतात आणि तिच्यातून व्हेरिलॉग काढून घेतात. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ प्रोसेसर ब्लूस्पेकमध्ये लिहिलाय तो असाच. ब्लूस्पेकचा हॅस्केल भाषेतला कंपायलर कित्येक वर्षं बंद दाराआड वाढला आणि २०२० मध्ये खुला झाला. आमचीही तशीच घरची एक भाषा आहे, तिचा कंपायलर सी++ मध्ये. तो व्हेरिलॉग ओकतो. ते ग्राहकाच्या सिंथेसिस टूलमध्ये जातं, तिथून गेटांची जोडणी म्हणजे नेटलिस्ट, मग चिपवरची मांडणी म्हणजे लेआउट, मग फॅब, म्हणजे चिपचा कारखाना.

आता ‘चालतंय ना’ याचं उत्तर. कंपायलर जागचा हलला नाही तरी त्याच्या खालची जमीन हलते. २००५ साली सिस्टिमव्हेरिलॉगचं, म्हणजे व्हेरिलॉगच्या वाढीव रूपाचं, पहिलं प्रमाणक आलं आणि ‘बिट’, ‘डू’, ‘फायनल’, ‘युनिक’, ‘प्रायॉरिटी’ असे साधेसुधे शब्द राखीव झाले, म्हणजे नाव म्हणून वापरता येईनात. कोणाची विनंती आधी घ्यायची हे ठरवणारं सर्किट लिहायला बसलात तर ‘प्रायॉरिटी’ नावाचा सिग्नल दहातल्या नऊ जणांच्या हातून निघतोच. आमचं आउटपुट जुन्या व्हेरिलॉगचं. एका ग्राहकानं टूल बदललं, नवं टूल सगळ्याच फाइल सिस्टिमव्हेरिलॉग समजून वाचायला लागलं आणि ‘प्रायॉरिटी’वर अडलं. आमच्या कोडचं एक अक्षर बदललेलं नव्हतं.

दुरुस्ती सोपी वाटते: राखीव शब्द दिसला की नाव बदलायचं. पण कुठे? सिग्नलला नाव देण्याचं काम कोडमध्ये एका जागी असतं तर दुपारी जेवायच्या आत झालं असतं. आमच्याकडे पोर्टना (बाहेरच्या जोडण्या) एक फाइल नाव द्यायची, रजिस्टरना (बिट साठवून ठेवणाऱ्या जागा) दुसरी, आणि मधल्या तात्पुरत्या वायरना जो पास, म्हणजे कंपायलरची डिझाइनवरची जी फेरी, त्या निर्माण करेल तोच. ज्यानं जसं जिथं लागलं तसं लिहिलं. हे सगळं गोळा करून एका पासमध्ये आणायचं ठरलं. याला आम्ही रिफॅक्टर करणं म्हणतो. कामात नवीन काही येत नाही, बाहेरून काही दिसत नाही. मॅनेजरला पटवायला हेच सगळ्यात अवघड.

रिफॅक्टरिंगचा पाठ्यपुस्तकी नियम असा की वागणूक तीच ठेवा, आतली मांडणी बदला. हार्डवेअरमध्ये ‘वागणूक तीच’ म्हणजे नेमकं काय, इथेच खरी मेख आहे.

साधं उदाहरण घ्या. व्हेरिलॉगमध्ये ‘इफ-एल्स’ आहे आणि प्रश्नचिन्हाचा तिहेरी ऑपरेटरही आहे. दोन्ही एकच काम करतात असं वाटतं: अट खरी तर हे, नाही तर ते. आमच्या कोडमध्ये दोघांसाठी दोन वेगळी फंक्शनं आहेत, नव्वद टक्के सारखी. नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात ती एकत्र करायला निघतो. पण व्हेरिलॉगमध्ये बिट शून्य किंवा एकच असतो असं नाही, तो ‘एक्स’ही असतो, म्हणजे माहीत नाही. अट एक्स निघाली तर ‘इफ’ गुपचूप ‘एल्स’मध्ये जातो. तिहेरी ऑपरेटर मात्र दोन्ही बाजू काढतो, बिट बिट ताडून बघतो, जिथे दोन्ही सारखे तिथे तो बिट ठेवतो आणि बाकी ठिकाणी एक्स. प्रत्यक्ष सिलिकॉनमध्ये एक्स नावाची चीज नसते, त्यामुळे चिप दोन्हीकडे तीच बनेल. सिम्युलेशन, म्हणजे चिप बनण्याआधी संगणकावर चालवून बघणं, मात्र वेगळं दिसेल, आणि रिसेट न झालेलं रजिस्टर पकडण्यासाठी ग्राहक त्या एक्सवरच नजर ठेवून असतो. म्हणून ती दोन फंक्शनं दोनच राहिली आहेत आणि वर एक लांबलचक कॉमेंट आहे. दिसायला कुरूप आहे. असू दे.

नावांचं प्रकरण याहून खोल आहे, आणि माझा बहुतेक वेळ तिथेच जातो.

आमच्या भाषेत सिग्नलची जुडी बांधता येते. समजा एका जुडीचं नाव ‘रीड’ आणि तिच्यात ‘डेटा_व्हॅलिड’ नावाचं रजिस्टर. दुसरी जुडी ‘रीड_डेटा’, तिच्यात ‘व्हॅलिड’. जुन्या व्हेरिलॉगमध्ये जुड्या नाहीत, सगळं सपाट करावं लागतं, मध्ये अंडरस्कोअर घालून. दोघांचंही होतं ‘रीड_डेटा_व्हॅलिड’. टक्कर! मग कंपायलर दुसऱ्याला शेपूट लावतो: ‘रीड_डेटा_व्हॅलिड_१’. पण दुसरा कोण? ज्याच्याकडे कंपायलर नंतर पोचला तो.

नव्या मुलानं एका पासमधली यादी काढून तिथे हॅश टेबल घातलं; त्यात शोध झटपट लागतो, पण क्रमाची हमी नसते. वेग वाढला, कोड निम्मा झाला, सगळ्या टेस्ट हिरव्या. “मॅडम, आउटपुटमध्ये दोन ओळींची फक्त अदलाबदल झालीय, बाकी काही नाही,” असं म्हणून त्यानं डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, दाखवला. खरंच दोनच ओळी होत्या. पहिल्याचं नाव दुसऱ्याला गेलं होतं आणि दुसऱ्याचं पहिल्याला.

याचा परिणाम काय ते मी त्याला फळ्यावर काढून दाखवलं. ग्राहकाकडे एक कन्स्ट्रेंट फाइल असते. सिग्नल वेळेत पोचतो का ते बघणाऱ्या टायमिंग टूलला तिच्यात सांगितलेलं असतं की अमुक रजिस्टरकडे जाणारी वाट तपासू नकोस, तिथे घाई नाही. ती फाइल रजिस्टरचं नाव घेऊन बोलते. समजा तिच्यात ‘_१’वालं नाव आहे. नवं व्हेरिलॉग आल्यावर ती सूट भलत्याच रजिस्टरला मिळेल. नाव नाहीसं झालं असतं तर टूलनं निदान कटकट केली असती, पण नाव तर आहे. सिम्युलेशन पास. नव्या व्हेरिलॉगची नव्या नेटलिस्टशी समतुल्यता तपासा, तीही पास. आणि जी वाट खरोखर घाईची आहे तिच्याकडे कुणी बघितलेलंच नाही. सॉफ्टवेअरमध्ये असं काही सुटलं तर पॅच पाठवता येतो. इथे फॅबमधून वेफर, म्हणजे तयार चिपच्या चकत्या, येतात.

शिवाय हॅश टेबल पॉइंटरवर बांधलेलं होतं. मेमरीतला पत्ता दर वेळी वेगळा, म्हणजे क्रमही वेगळा. महाप्यात एक आउटपुट आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर दुसरं. एलएलव्हीएम या खुल्या कंपायलर प्रकल्पवाल्यांनी याचसाठी घातलेला क्रम लक्षात ठेवणारा वेगळा मॅप करून ठेवलाय. आम्हीही तसाच वापरतो, त्या पासमध्ये आता तो आहे.

तेव्हा ‘वागणूक’ या शब्दात आम्ही नावं धरतो, क्रम धरतो, चक्क मजकूर धरतो. टेप-आउटच्या, म्हणजे डिझाइन फॅबला धाडण्याच्या, तोंडावर एखादं गेट बदलायचं असलं की हे सगळ्यात जास्त जाणवतं. त्या वेळी अख्खी चिप पुन्हा कोणी करत नाही, नेटलिस्टमध्ये तेवढ्यापुरता टाका घालतात. सोर्समध्ये एक ओळ वाढवल्यावर कंपायलरनं खालच्या सगळ्या तात्पुरत्या वायरचे नंबर एकानं पुढे सरकवले, तर दोन ओळींचा बदल दोन हजार ओळींचा दिसतो आणि टाका कुठे घालायचा ते कळेनासं होतं. चिझल ही अशीच वरची एक भाषा वापरणाऱ्यांना ‘_टी_’ आणि ‘_जेन_’ या आपोआप पडणाऱ्या नावांच्या अवतारांनी याच कारणासाठी छळलेलं आहे.

मग नवा का नाही लिहीत? लिहिणारे लिहितात, आणि काहींचं छान होतं. व्हेरिलेटर हा खुला सिम्युलेटर १९९४ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सुरू झाला. विल्सन स्नायडर यांनी २००२ मध्ये तो सी++ मध्ये पहिल्यापासून पुन्हा लिहिला, ती आवृत्ती ३. पुढे २०२२ मध्ये आवृत्ती ५ आली तेव्हा कोणती घटना कधी घडते हे ठरवणारा त्याचा शेड्युलरच बदलला, म्हणजे काळीजच म्हणा ना. ते काम मात्र जुन्या कोडमध्ये राहूनच झालं. फाइलींची नावं अजून ‘व्ही३विड्थ’, ‘व्ही३एएसटी’ अशीच आहेत. मला ती वाचून बरं वाटतं. नाव बदलायला काय लागतं, पण त्यांनी तो वेळ दुसरीकडे घातला.

चिझलचं उलट. त्याचा मधला कंपायलर स्काला भाषेत होता, तो एलएलव्हीएम परिवारातल्या ‘सर्किट’ (CIRCT) नावाच्या प्रकल्पात सी++ मध्ये नव्यानं लिहिला गेला. पण जुना एका दिवसात बंद झाला नाही. बराच काळ दोन्ही शेजारी शेजारी चालले, चिझल ३.६ पर्यंत जुन्याची सोय होती, आवृत्ती ५ मध्ये ती गेली. एवढा काळ दोन कंपायलर सांभाळायला माणसं लागतात. आमच्याकडे आम्ही मोजून चौघं.

म्हणून आमची रीत कंटाळवाणी आहे. ज्या बदलानं आउटपुट हलू नये तो वेगळा कमिट (कोडमधल्या बदलाची एक नोंद), ज्यानं हलावं तो वेगळा. दोन्ही एकत्र आले की रिव्ह्यूला परत. ग्राहकांनी परवानगी दिलेली जुनी डिझाइनं साठवलेली आहेत, त्यांचं व्हेरिलॉग रोज रात्री काढून आदल्या रात्रीच्या व्हेरिलॉगशी ओळीओळीनं ताडतो. अपेक्षित आउटपुट एका झटक्यात नवं करून टाकणारा एक कमांड होता, तो मी काढायला लावला. तो हाताशी असला की माणूस डिफ वाचत नाही. आता एकेक फाइल हातानं स्वीकारावी लागते. मुलं वैतागतात, वैतागू देत.

आणि जुन्या आवृत्त्या. टेप-आउटपर्यंत ग्राहक कंपायलरची आवृत्ती गोठवतो. प्रोजेक्ट दीड-दोन वर्षांचा असला तर तेवढा काळ ती शाखा आम्ही जिवंत ठेवायची. नवी दुरुस्ती मागे नेऊन जुन्या कोडमध्ये बसवायची, आणि तो कोड तर आम्ही मधल्या काळात आवरून पार बदललेला असतो. रिफॅक्टर केल्याची किंमत अशीही चुकवावी लागते. म्हणूनच कोड घाणेरडा दिसतोय एवढ्या कारणावर मी हात लावू देत नाही. ज्या जागी पुढच्या सहा महिन्यांत काम येणार आहे तेवढीच जागा आवरायची.

नावांचा पास मात्र आवरून झालाय. आता तात्पुरत्या वायरचं नाव मोजणीवरून येत नाही, ती ज्या सिग्नलसाठी जन्मली त्याच्यावरून येतं, त्यामुळे वर ओळ घातली तरी खालचं नाव हलत नाही. टक्कर झाली तर कंपायलर गुपचूप शेपूट लावत नाही, एरर देतो आणि नाव तुम्ही ठरवा म्हणतो. जुनी पद्धत एका फ्लॅगमागे, म्हणजे हवी तर चालू करायच्या पर्यायामागे, ठेवली आहे. ती आता एकच ग्राहक वापरतो. काढू का, म्हणून त्यांना मेल केला. उत्तर एका ओळीचं आलं: “काढू नका, त्या नावांवर चालणाऱ्या स्क्रिप्ट ज्यानं लिहिल्या तो माणूस नोकरी सोडून गेलाय.” तेव्हा तो फ्लॅग आहे, आणि त्याच्याही टेस्ट रोज रात्री चालतात.