कोबीवरची अळी आणि बीटी : नोंद तिसरी

गुहागरच्या आगरात पोफळींपलीकडच्या उघड्या तुकड्यात लावलेल्या कोबीच्या २४ रोपांची ही पुढची हकिगत. त्रास अजून चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीचाच.

बीटीची, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून केलेल्या कीटकनाशकाची, पहिली फवारणी फुकट गेली, आणि चूक माझी होती. सकाळी अकराच्या उन्हात, वरवर मारली. बीटी अंगाला लागून मारत नाही, अळीने ते खावं लागतं. ही अळी पानाच्या खालच्या बाजूने खाते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते. त्यात उन्हातले अतिनील किरण बीटीचं प्रथिन लवकर निकामी करतात.

दुसरी फवारणी ऊन उतरल्यावर, नोझल उलटं धरून पानांखालून केली. कोबीच्या मेणचट पानावर थेंब टिकत नाही म्हणून स्टिकर (थेंब पानाला चिकटवून ठेवणारं द्रव्य) घातलं. आधी १० रोपांवर ४१ अळ्या मोजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ३६ जिवंत! पण नीट पाहिलं तर ताजी विष्ठा कुठेच नव्हती, नवं भोक नव्हतं. चौथ्या दिवशी उरल्या ५.

मला सगळ्यात भावतं ते त्या मधल्या दिवसात पोटात घडणारं. जिवाणूने बनवलेलं प्रथिनाचं स्फटिक खाल्लं की अळीच्या आतड्यातल्या क्षारधर्मी रसात ते विरघळतं. तिचेच पाचकरस प्रथिनाचा जादा भाग छाटतात, तेव्हा कुठे ते विष होतं. मग ते आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटून छिद्रं पाडतं, पेशी फुगून फुटतात. खाणं काही तासांत बंद पडतं, मरण मागाहून येतं. आपलं जठर आम्लधर्मी आणि पेशींवर त्या जागाही नाहीत, म्हणून आपल्याला हे बाधत नाही.

१९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना हा जिवाणू सापडला तो मेलेल्या रेशीमकिड्यांत. म्हणजे जी मारायची नाही ती अळीही यानं मरते. माझ्या पपनसावर राणी पाकोळीच्या अळ्या असतात, आपलं राज्य फुलपाखरू ते! त्या बाजूला वारा वाहत असेल तर पंप उचलत नाही.

आणखी एक. शेतात बीटीला प्रतिकार पहिल्यांदा दाखवला तो याच पतंगाने. त्यामुळे पुढच्या पाळीला निंबोळी अर्क, आणि फवारणी अळ्या बारीक असतानाच. शनिवारी पुन्हा मोजणार आहे.