उंचीचं दुखणं

आज म्हापशाच्या बाजारात भाचा सोबत होता. ओळखीच्या मावशी म्हणाल्या, "अजून वाढला नाय रे तू!" तो हसला, पण गाडीत बसल्यावर गप्प. मग मोबाईल पुढे केला: पाय लांब करायची शस्त्रक्रिया. हाड कापायचं, रोज साधारण 1 मिलिमीटर ताणायचं, फटीत नवं हाड भरायची वाट बघायची. 5 सेंटिमीटरसाठी 50 दिवस नुसतं ताणणं, पुढे हाड पक्कं व्हायला कित्येक महिने. डॉ. इलिझारोव्ह यांनी ही पद्धत मोडलेल्या, आखूड पायांसाठी घडवली. धडधाकट पायांवर ती करून घ्यावीशी वाटते, म्हणजे पोराच्या मनात किती साचलं असेल! स्थळ बघणाऱ्यांनाही आधी उंचीच हवी असते. मी त्याला वेडा म्हटलं नाही. आधी समुपदेशक, मग हाडांचे डॉक्टर, दोन्हीकडे मी सोबत जाणार आहे.