चिकूखालचा पट्टा : महिना अकरावा

चिकूच्या सावलीत लॉन टिकत नाही, हे मान्य करायला मला तीन वर्षं लागली. गेल्या जूनमध्ये तो नाद सोडला आणि ६ बाय ९ फुटांच्या त्या पट्ट्यात जमिनीलगत पसरणारं काहीतरी लावायचं ठरवलं. सहकारनगरातली आमची माती म्हणजे वर वीतभर काळी, खाली नुसता मुरूम.

पहिला महिना लव्हाळा काढण्यातच गेला. ओढून काही होत नाही. पात हातात येते, गाठ खाली राहते आणि आठवड्यात नवा कोंब हजर. खुरपं खोल घालून गाठींची माळच्या माळ उपसावी लागते. हे आधीच करा. वेल पसरल्यावर त्यातून लव्हाळा वेचणं म्हणजे तांदळातून बारीक खडे निवडण्यासारखं.

जुलैत मांजरीच्या एका नर्सरीतून ब्राह्मीची बारा रोपं आणली. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर आमच्याकडची एकपानी!" त्या रत्नागिरीच्या. नर्सरीवाल्याने फसवलं असंही नाही, कारण आपल्याकडे दोन्हींना ब्राह्मीच म्हणतात. एकपानी म्हणजे मंडूकपर्णी: पेरातून लांब देठावर गोलसर पान, देठाशी खाच, कडा दातेरी. दुसरी, म्हणजे जलब्राह्मी, हिची पानं छोटी, मांसल, समोरासमोर जोडीने, आणि फूल पांढरट-जांभळं. एकदा दोन्ही हातात घेऊन पाहिल्या की परत चुकत नाही. जलब्राह्मीला पाय सतत ओले लागतात, म्हणून तिची नंतर मिळालेली जुडी बागेतल्या नळाखाली लावली. तिथे ती खूश आहे.

गंमत तिसरीची. ऑगस्टमध्ये पट्ट्याच्या उन्हाकडच्या कडेला एक न लावलेला वेल दिसला. कुठल्या कुंडीच्या मातीतून आला असेल कोण जाणे. तण म्हणून उपटणारच होते, पण लांब दांड्यावर बटणाएवढं जांभळट बोंड होतं आणि त्याभोवती पांढऱ्या-गुलाबी फुलांचं कडं. भिंगातून पाहिलं तर एकेक फूल घाणेरीच्या फुलाची चिमुकली नक्कल! कूळ एकच, म्हणून. पानाची वरची अर्धी कड दातेरी, देठाकडची साधी. फुलांचं कडं वर सरकत जातं तसं बोंड लांबतं आणि पिंपळीसारखं दिसायला लागतं. तेव्हा पटलं, ही जलपिंपळी.

तिच्या चार बोटं लांबीच्या काड्या कापल्या, प्रत्येकीला दोन-तीन पेरं ठेवली, आडव्या घातल्या आणि पेरांवर माती दाबून हेअरपिनांनी टाचल्या. पावसाळी हवेत दहा-बारा दिवसांत मुळं धरली. वीतभर अंतर ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत माती दिसेनाशी झाली. नोव्हेंबरात पानांवर काटेरी काळसर अळ्या आल्या, तेव्हा कडुनिंबाच्या तेलाची बाटली हातात घेतली होती. पण पॅन्सी जातीची काही फुलपाखरं हिच्यावर अंडी घालतात हे आठवलं आणि बाटली परत ठेवली. पानांची चाळण झाली, वेल मात्र सावरला.

मधल्या काळात शेजारच्या काकांनी वेडेलिया देऊ केली, ती दुभाजकांवर असते ना, पिवळ्या फुलांची. "पंधरा दिवसांत भरून जाईल बघ!" तीच तर भीती. मेक्सिको, मध्य अमेरिकेकडची ही बाई जगातल्या १०० उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. काकांना चहा पाजला, काडी घेतली नाही.

आता मे. मंडूकपर्णी उन्हाच्या बाजूला कडा करपून बसली आहे, खोडाजवळ मात्र हिरवीगार. जलपिंपळीला दोन दिवसांआड पाणी देते आणि कपडे वाळत घालायला तिच्यावरूनच चालते, तरी बोंडं चालूच आहेत. पहिला पाऊस झाला की करपलेल्या कडेची मंडूकपर्णी आत सरकवून तिथेही जलपिंपळीच टाचणार. छाटणीच्या काड्या बऱ्याच निघतील. कोणाला हव्या असतील तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते.