कोर्स कुठला लावू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "ताई, मुलीला पार्लरचा कोर्स लावायचाय, कुठला चांगला?" हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि बहुतेक वेळा नेमका आयब्रो करताना येतो. दोऱ्याचं एक टोक माझ्या दातांत असतं, त्यामुळे "हं"च्या पलीकडे उत्तर जात नाही. शिवाय खरं उत्तर तेवढ्या वेळात मावणारंही नाही.

आधी कोर्सचंच सांगते, ते सोपं आहे. दहावी झालेल्या मुलीसाठी आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, चौकशी करावी लागते. पण सरकारी आयटीआयची फी खासगी क्लासच्या मानानं किरकोळ, आणि प्रमाणपत्र देशभर चालणारं. तरी आयटीआय म्हटलं की लोकांना फिटर-वेल्डर आठवतात, आणि मुलीची आई काचेच्या दाराच्या क्लासकडे वळते. तिथे बेसिक, अ‍ॅडव्हान्स, ब्रायडल अशा पायऱ्या, प्रत्येकीची फी वेगळी, आणि शेवटी काळा गाऊन घालून फोटो. कुणी "इंटरनॅशनल सर्टिफिकेट" म्हणालं तर एवढंच विचारा की परीक्षा कोण घेतं आणि तास किती. सिडेस्को ही सौंदर्य व्यवसायातली आंतरराष्ट्रीय संस्था, १९४६ साली स्थापन झालेली. तिच्या पूर्ण डिप्लोमासाठी १,२०० तास शिकावं लागतं. तीन आठवड्यांत मिळणारं इंटरनॅशनल कशाच्या जोरावर मिळतं ते तुम्हीच ओळखा.

असं होतं कारण आपल्याकडे पार्लरसाठी दुकानाची नोंद करतात, पण दोरा हातात धरायला कुठलंही लायसन्स लागत नाही. मग क्लास काढायलाही अडचण नाही. महिला दिनाच्या आठवड्यात सात दिवसांची शिबिरं होतात, व्यासपीठावर प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि मंडपाबाहेर पडलेली मुलगी कागदावर ब्युटिशियन झालेली असते. ब्लीच आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचं असतं, हेसुद्धा कधी कधी तिला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून लायसन्स सक्तीचं करा असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्यातली नाही. टेक्सासमध्ये थ्रेडिंग करणाऱ्यांना ७५० तासांचा कोर्स सक्तीचा होता. त्यातल्या ३२० तासांपर्यंतच्या अभ्यासाचा थ्रेडिंग सुरक्षितपणे करण्याशी काही संबंधच नव्हता. पटेल नावाच्या एका थ्रेडिंग व्यावसायिकाच्या नावानं ओळखला जाणारा तो खटला २०१५ साली तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि ती अट रद्द झाली. आपल्याकडे तशी सक्ती आली तर हात उत्तम पण खिसा रिकामा असलेली बाई आधी बाहेर पडेल, आणि क्लासवाल्यांची दिवाळी होईल. मला वाटतं, स्वच्छता, रसायनं आणि त्वचेचे आजार एवढ्यापुरती छोटी, स्वस्त, मराठीतून परीक्षा असावी. बाकीचं गिऱ्हाईक ठरवतं.

पण कोर्स विचारणाऱ्या आयांपैकी एकीनंही मला विचारलेलं नाही की नोकरी लागल्यावर मुलीला पगार कसा मिळेल. मला बोलायचंय ते त्याबद्दल.

कोर्स संपला की मुलगी "प्रॅक्टिस"ला लागते. प्रॅक्टिस म्हणजे एखाद्या पार्लरमध्ये सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत डोक्याला तेल लावणं, वॅक्सच्या पट्ट्या कापणं, टॉवेल धुणं, झाडू. पैसे नाहीत. "शिकतेस ना अजून, मग पगार कसला?" गिऱ्हाईक मात्र त्याच डोक्याच्या मसाजचे पूर्ण पैसे मोजून जातं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, आणि त्यात शिकता शिकता काम करणाऱ्याला विद्यावेतन द्यावं लागतं. फुकटची प्रॅक्टिस त्यात कुठेही बसत नाही. मी स्वतः अशीच शिकले, एका मोठ्या नावाच्या पार्लरमध्ये. तिथल्या बाईंचा हात सोन्याचा होता, हेही सांगितलं पाहिजे. हेअर कटमध्ये सेक्शन कसे घ्यायचे ते मी त्यांच्याकडूनच उचललं. पण त्या काळात माझ्या बसचा खर्चही वडील करायचे, आणि ज्या मुलींचे वडील करू शकत नव्हते त्या गळून गेल्या.

पुढची पायरी बाँडची. दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर ट्रेनिंगचे पैसे भरायचे, आणि नंतर वर्षभर या भागात दुसऱ्या पार्लरमध्ये काम करायचं नाही. दहावी-बारावीची मूळ मार्कशीट मालकिणीच्या कपाटात. यातला फरक नीट समजून घ्या. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नकोस, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे चालत नाही. पैसे भरण्याची अट मात्र सरसकट पोकळ नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तसा बाँड वैध धरला. म्हणजे सही करण्याआधी रक्कम वाचायची, आणि ट्रेनिंग खरंच दिलं का, कोणतं, किती दिवस, हे लिहून घ्यायचं. मार्कशीटची झेरॉक्स द्या. मूळ प्रत देऊ नका.

आता पगार. इथे एक चांगली गोष्ट अलीकडे झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली वेतन संहिता दुकानात माणसं किती ते मोजत नाही. दोन मुलींच्या पार्लरलाही किमान वेतन लागू. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब मिळाला पाहिजे. लेट मार्कचे दंड, शाम्पूचं टार्गेट पूर्ण झालं नाही म्हणून कापलेले पैसे, हे मालकाच्या मनावर सोडलेलं नाही. दंड कशासाठी लावता येतो ते आधी मंजूर करून फलकावर लावावं लागतं, आणि तो त्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. असा फलक लावलेलं पार्लर मी तरी बघितलेलं नाही.

बाकीचे कायदे मात्र डोकी मोजतात. ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याला, दहा माणसं लागतात, पीएफला वीस. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, ओव्हरटाइमला दुप्पट दर हे सगळं होतं, पण दहा माणसांच्या दुकानापासून पुढे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती संख्या वीस करायला मंजुरी दिली, वर रोजचे नऊ तास दहा करायलाही. तुमच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये किती मुली आहेत, मोजून बघा. तीन, चार, फार तर सहा.

सुट्टीवरून आठवलं. आपली रविवारची सुट्टी १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणून मिळवली. त्याच सुमारास त्यांच्याच पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. म्हणजे केसांच्या धंद्यात एकी करायची परंपरा गिरणीइतकीच जुनी आहे. पार्लरच्या बायकांपर्यंत ती पोचलीच नाही, कारण आमचं काम कुणी काम धरलंच नाही. "तेवढाच घराला हातभार", "लग्नानंतर घरबसल्या करता येतं", असं म्हणूनच मुलीला कोर्स लावतात. हातभार लावणारी पगाराची चिठ्ठी मागत नाही.

जिथे बायका एकमेकींना शोधू शकल्या तिथे त्या बोलल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये घरपोच सेवा देणाऱ्या अर्बन कंपनी या अ‍ॅपच्या गुरुग्रामच्या कार्यालयाबाहेर ब्युटिशियन बायका जमल्या. कमिशन फार, महागडी प्रॉडक्ट्स कंपनीकडूनच घ्यायची, रेटिंग घसरलं की काम बंद, अशा तक्रारी होत्या. कंपनीनं काही बदल जाहीर केले. डिसेंबरमध्ये पुन्हा आंदोलन झालं तेव्हा आंदोलन करणाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. मुलगी अ‍ॅपवरून होम सर्व्हिस करणार असेल तर ती कागदोपत्री कर्मचारी नसते, "पार्टनर" असते. वाईट वागणुकीचा प्रसंग आला तर दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी काम करणाऱ्या आणि लोकांच्या घरी जाऊन घरकाम करणाऱ्या बायकांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं जिल्ह्याला स्थानिक समिती ठेवली आहे. पार्लरच्या मुलींना मात्र ती असते हेच कुणी सांगितलेलं नसतं.

आणि शरीर. मान, मनगट, पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरा. हेअर डायमधल्या पीपीडी या रसायनानं बोटांना भेगा पडतात, म्हणून हातमोजे हवेत, आणि तिच्या मापाचे. केस सरळ करायच्या केरॅटिनच्या काही क्रीममधून प्रेसिंगच्या वेळी फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली ते कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालंय त्यांच्यात, टाकलं. गिऱ्हाईक ती वाफ वर्षातून एकदा घेतं. मुलगी लग्नसराईत रोज घेते, एसीसाठी बंद केलेल्या खोलीत. केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा देणं कायद्यात घातलं. आपल्याकडे कित्येक पार्लरमध्ये सगळ्या खुर्च्या गिऱ्हाइकाच्याच असतात.

आता तुम्ही म्हणाल, ताई, तुम्हीही मालकीणच. आहे की. आमच्या भागात आयब्रोचे पन्नास रुपये मिळतात, समोरची चाळीसमध्ये करते, भाडं दर वर्षी वाढतं. चारही मुलींना किमान वेतन दिल्यावर दोन महिने असे येतात की माझ्या हातात त्यांच्यापेक्षा कमी उरतं. म्हणून दर वाढवले, काही बायका गेल्या. राहिलेल्यांना चाकाच्या स्टुलावर बसून काम करणारी मुलगी आळशी वाटत होती. आता वाटत नाही. हा सगळा भार छोट्या मालकिणीवर टाकून चालणार नाही हे मला मान्य आहे. पण फुकटच्या प्रॅक्टिसवर उभं राहिलेलं पार्लर परवडतं, एवढ्यावरून तो धंदा बरोबर चाललाय असं मी म्हणणार नाही.

तर कोर्सचं. दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे अर्ज ऑनलाइन निघतात, आधी तिथे भरा. जागा मिळाली नाही तर क्लास बघायला जाताना मुलीला बरोबर न्या, फी विचारून लगेच पावती फाडू नका. क्लासला जोडलेलं पार्लर असतंच. तिथे टॉवेल घड्या घालत असलेल्या मुलीला हळूच विचारा की पगार कितव्या तारखेला होतो. तिनं आधी मॅडमकडे बघितलं, तर चपला घाला आणि पुढच्या क्लासला चला.