कापडाच्या पैशातलं चर्च आणि अप्पांचा प्रश्न

अप्पांना फोटो दाखवायचे म्हणजे एक कामच असतं. मोबाईल हातात घेतला की एकाच फोटोवर दहा मिनिटं बसतात, दोन बोटांनी मोठा करतात, परत बारीक करतात, मधेच चुकून कुणाला तरी कॉल लागतो मग त्याच्याशी दहा मिनिटं. दिवाळीनंतर धाकट्याकडं इंग्लंडला इप्सविचला जाऊन आलो त्याचे फोटो सोलापुरात घरी गच्चीवर बसून दाखवत होतो, टॉवर ब्रिज, बकिंगहॅम राजवाडा वगैरे सगळं त्यांनी फटाफट सरकवलं आणि एका चर्चच्या भिंतीवर येऊन थांबले. "हे वर काय लिवलंय बे?"

मला बरंच वाटलं कारण अख्ख्या ट्रिपमध्ये मला पण तेच आवडलं होतं.

तर हे लाँग मेलफर्डचं होली ट्रिनिटी चर्च. सफक नावाचा जिल्हा आहे, लंडनच्या ईशान्येला, इप्सविचपासून गाडीनं तासाभराच्या आत. पॅरिश चर्च म्हणजे आपल्याकडं गावचं देऊळ असतं तसंच, गावानं बांधायचं गावानंच सांभाळायचं. पण हे गाव एवढंसं, एक लांबच लांब रस्ता आणि दोन्ही बाजूला घरं, आणि चर्च बघितलं तर एखाद्या शहराला शोभेल एवढं. मधला हॉलच दीडशे फुटांच्या आसपास लांब. आत गेल्यावर भिंत कमी आणि खिडक्याच जास्त, एकावर एक दोन रांगा, उभ्या दगडी पट्ट्या पार वरपर्यंत गेलेल्या, आणि ऊन आत येतं ते डोक्याच्या वरून येतं. तिकडं या बांधणीला पर्पेंडिक्युलर म्हणतात, सगळं उभं उभं म्हणून. बांधकाम मुख्यतः १४६७ ते १४९७ मधलं, म्हणजे आपल्याकडं बहमनी राज्य मोडायला लागलं होतं तेव्हाचं.

आता एवढ्याशा गावात एवढा पैसा कुठनं आला तर कापडातनं! मेंढ्यांची लोकर, घरोघरी सूतकताई, हातमागावर जाड लोकरी कापड, आणि ते सगळं गोळा करून विकणारे व्यापारी. त्यांना क्लोदियर म्हणायचे. सूत तेच देणार, विणकर घरी विणून देणार, मजुरी तेच ठरवणार. आपल्या सोलापुरात पूर्व भागातल्या मागवाल्यांत कुणालाही विचारा, ही सिस्टीम समजवून सांगावी लागणार नाही. असल्या चर्चना तिकडं नावच आहे, वूल चर्च.

अप्पा बत्तीस वर्षं मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. कापडाचं नाव निघाल्यावर ते नीट सावरून बसले.

भिंतीवरचं लिखाण असंय. त्या भागात बांधायला चांगला दगडच नाही. (आपल्याकडं विहीर खणली तरी काळा दगड लागतो, त्यामुळं हे दुःख आपल्याला कळणार नाही.) शेतात मिळते ती चकमक, बटाट्यासारखी वेडीवाकडी, वरून पांढरट. पण फोडली की आतून काळी आणि काचेसारखी चकचकीत. तर त्या लोकांनी काय केलं, बाहेरनं आणलेल्या पांढरट दगडात अक्षरं आणि नक्षी कोरून काढली आणि मधल्या जागेत फोडलेली चकमक अशी बसवली की हात फिरवला तर दोन्ही एका लेव्हलला लागतं. काळ्यावर पांढरं. मी खालनं बघत होतो तर मला ती सरळ सरळ आपल्या चादरीची जकार्ड बॉर्डर वाटली, बायकोला म्हणलं पण, ती म्हणाली तुम्हाला सगळीकडं चादरच दिसते.

आणि लिहिलंय काय तर देणगीदारांची नावं! छपराच्या कडेनं लांबच्या लांब ओळ. रॉजर मोरिएल, लॉरेन्स मार्टिन, असे कापडवाले, यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा, यांच्या पैशातनं ही कमान झाली. अप्पा हसायला लागले. "म्हंजे आपल्या देवळातल्या फरशीवानीच की. कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ." अगदी तेच. आपल्याकडं तर फॅनच्या पात्यावर पण नाव असतं, फॅन फिरायला लागला की वाचता येत नाही हा भाग वेगळा.

पण यात एक गंमत झालीय. त्या काळी त्यांची श्रद्धा अशी की मेल्यावर आत्म्याला शिक्षा भोगावी लागते आणि मागं राहिलेल्यांनी प्रार्थना केली की ती कमी होते, म्हणून हा सगळा खर्च. पुढं धर्मसुधारणा आली, १५४७ मध्ये कायदाच झाला आणि मेलेल्यांसाठी पूजाअर्चा करायला ठेवलेली सगळी इस्टेट सरकारजमा. म्हणजे चर्च पुरं होऊन पन्नास वर्षं होतायत तोवर ज्यासाठी पैसे दिले तेच बंद. अक्षरं मात्र तिथंच राहिली. मी मान वर करून ती नावं एक एक लावत वाचली, प्रार्थना बिर्थना काय केली नाही.

बाकी आत बघण्यासारखं खूप आहे. एका दाराच्या वर काचेत तीन ससे आहेत गोल पळणारे, प्रत्येकाला दोन कान दिसतात पण मोजले तर मिळून तीनच. अप्पांनी तीनदा मोजले. मागच्या बाजूला लेडी चॅपल म्हणून वेगळं दालन आहे, तिथं मधल्या काळात शाळा भरायची, आणि भिंतीवर अजून पाढ्यांचा तक्ता आहे. "पावकी निमकी हाय का बघ त्यात," अप्पा म्हणाले. नव्हती. मनोरा मात्र जुना नाही, मूळचा वीज पडून गेला १७१० च्या सुमारास, मग विटांचा बांधला, आणि आत्ता दिसतो तो १९०० च्या आसपास त्या विटांवरनं दगड चढवून केलेला.

तिथनं सात-आठ किलोमीटरवर लॅव्हनम. हे गाव एके काळी निळ्या कापडासाठी फेमस, १५२० च्या दशकात कर भरण्यात अख्ख्या इंग्लंडमध्ये चौदावं. इथल्या चर्चचा मनोरा १४१ फूट. अर्धा मान तिथल्या जहागीरदाराचा, अर्धा थॉमस स्प्रिंग नावाच्या कापडवाल्याचा. हा स्प्रिंग १५२३ मध्ये वारला तेव्हा मनोरा पुरा करायला २०० पौंड ठेवून गेला. वर त्याच्या घराण्याची ढाल कोरलीय, एकदा नाही, चारी बाजूला परत परत. फ्लेक्सची हौस जुनीच आहे म्हणायची.

आणि १५२५ ची गोष्ट. आठव्या हेन्रीला फ्रान्सवर लढाई करायची होती म्हणून त्यानं जादा पट्टी लावली. क्लोदियर म्हणाले पट्टीत पैसे गेले, आता तुम्हाला काम द्यायला आमच्याकडं काय नाही. झालं, विणकर रस्त्यावर. लॅव्हनमला हजारो माणसं जमली, राजाला ती पट्टी शेवटी मागं घ्यावी लागली. तिथं असं सांगतात की चर्चची घंटा वाजली की उठायचं ठरलं होतं, पण कुणीतरी आदल्या रात्री घंटेतले लोलकच काढून ठेवले.

हे ऐकून अप्पा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "भोंगाच बंद केला म्हण की." आणि मग ते बोलत राहिले, त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं १९३० चं, मार्शल लॉ, रात्री दिवा लावायची भीती, पुढच्या जानेवारीत चार हुतात्म्यांना फाशी झाली तेव्हा घरात चूल पेटली नव्हती ते. हे सगळं मी शंभरदा ऐकलंय पण चर्चच्या फोटोवरनं निघालं हे पहिल्यांदाच.

लॅव्हनमचं पुढं काय झालं तर आपलं झालं तेच. जवळच्या कोलचेस्टरमध्ये हॉलंडकडचे निर्वासित विणकर आले, त्यांचं कापड हलकं आणि स्वस्त, यांचं जाड कापड पडून राहायला लागलं. गावात पैसा उरला नाही म्हणून कुणी घरं पाडून नवीन बांधली नाहीत, आणि आता तीच वाकडी लाकडी घरं बघायला लोक येतात. आपल्याकडं जुनी मिल १८७७ ची, पण ती बघायला कोण येणार.

अप्पांनी फोन परत दिला आणि विचारलं, "ह्यात इणणाऱ्यांची नावं कुठाय?"

म्हणलं नाहीत, फक्त व्यापाऱ्यांची आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तयार, चल म्हणाले. गल्लीतल्या मारुतीच्या देवळात घेऊन गेले, प्रदक्षिणेच्या वाटेवर मागच्या बाजूला, जिथं नारळाच्या शेंड्या टाकतात तिथं खाली बसले आणि ओल्या फडक्यानं एक फरशी पुसली. ऑइलपेंटचे दोन-तीन हात चढलेले, तरी वाचता येत होतं. 'समस्त साचेखाते कामगार, दुसरी पाळी.' खाली रक्कम होती ती पेंटखाली गेलीय. एवढी वर्षं मी त्या देवळात जातोय, कधी बघितली नव्हती.

फोटो काढला, धाकट्याला पाठवला. लगेच रिप्लाय, यात अप्पांचं नाव कुठंय?

अप्पांना वाचून दाखवलं. "समस्तमधी हाय की," म्हणाले आणि बाहेर जाऊन चप्पल शोधायला लागले.