व्हिटॅमिन ड्रिपचं क्लिनिक शोधताना आलेला माझा अनुभव

आपल्या सोलापुरात अशक्तपणा आला की "डॉक्टर, एक सलाईन लावा की" म्हणायची सवय जुनीच आहे, उन्हाळ्यात तर विचारूच नका. आता त्यात सलाईनमधून जीवनसत्त्वं द्यायची व्हिटॅमिन ड्रिप, रंग उजळायची ग्लो ड्रिप असलं काय काय आलंय आणि आमच्या नणंदेनं लग्नाआधी ते घ्यायचंच असं डोक्यात घेतलं होतं. "वहिनी, एकच तर घ्यायचंय, काय होतंय त्याला." तिला थकवा खरंच होता, जिना चढली तरी दम लागायचा, त्यामुळं नुसतं नको म्हणून भागणार नव्हतं. म्हटलं ठीक आहे, पण क्लिनिक मी बघणार.

होटगी रोड, जुळे सोलापूर, सात रस्ता, सगळीकडं फोन लावले. कुणी स्किन क्लिनिकवाले, कुणी ब्युटी सेंटरवाले, काहीजण तर घरी येऊन लावतो म्हणाले. प्रत्येकाला मी एकच विचारायची, तुमच्याकडं याचं लायसन्स आहे का, आणि प्रत्येकजण हो म्हणायचा. पण कागद बघायला मागितला की प्रत्येकाचा कागद वेगळाच निघायचा.

मग महापालिकेच्या आरोग्य विभागात जाऊन विचारलं, स्वतःपण वाचलं, तेव्हा कुठं उलगडा झाला. आयव्ही थेरपीचं, म्हणजे शिरेतून औषध द्यायचं, असं वेगळं लायसन्सच नसतं. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं घेतलेला नाही, आपल्याकडं चालतो तो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा, त्याचे नियम २०२१ ला सुधारले, आणि शहरात ती नोंदणी महापालिका करते. पण तो कायदा पेशंट ठेवून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे, नुसती ओपीडी चालवणारं क्लिनिक सहसा त्यात येत नाही. म्हणजे खुर्चीवर बसवून तासभर सलाईन लावणाऱ्या जागेकडं महापालिकेचं सर्टिफिकेट नसेलही. तिथं मग डॉक्टर कोण आणि औषध कुठलं, हे दोन्ही वेगवेगळं बघावं लागतं.

डॉक्टरचं बघणं सोपं आहे. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात लावलेला पाहिजे, चिठ्ठीवर आणि पावतीवरपण पाहिजे, आणि एमबीबीएस किंवा एमडी असतील तर तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर तपासता येतो. एका ठिकाणी भिंतीवर तीन-चार कोर्सची सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलेली, नंबर मात्र कुठंच नाही. विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, सर मुंबईहून येतात, ड्रिप आमच्या मॅडम लावतात. मॅडम नर्स आहेत का, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, याला उत्तरच नाही. शिरेत औषध जाताना रिॲक्शन आली तर बघायला डॉक्टर हजर नको का?

औषधाच्या बाबतीत मी जास्त खोलात गेले, कारण खरी भीती तिथंच वाटली. डॉक्टर स्वतःच्या पेशंटला स्वतःकडचं औषध देऊ शकतो, औषध नियमांच्या अनुसूची के मध्ये तशी सवलत आहे, पण ते परवानाधारकाकडूनच घेतलेलं पाहिजे आणि खरेदीची नोंद पाहिजे. ग्लो ड्रिपवाल्यांकडं मी बॉक्स हातात घेऊन बघितला. सगळं परदेशी लिपीत, आतल्या काचेच्या ॲम्प्यूलवरपण तसंच, आयात परवान्याचा नंबर नाही, आयातदाराचं नाव-पत्ता नाही. हे दोन्ही लेबलवर असायलाच लागतं. आत ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य आहे म्हणाले, रंग उजळतो म्हणाले. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनानं २०११ मध्येच गोरेपणासाठी हे इंजेक्शन घेण्याविरुद्ध इशारा दिला होता, ते तिथंच मोबाईलवर नणंदेला दाखवलं.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागली. मोठ्या डोसचं व्हिटॅमिन सी देणार होते, पण किडनीचा त्रास आहे का, मुतखडा झालाय का, जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) तपासलंय का, यातलं एकानंपण विचारलं नाही. जी६पीडी कमी असेल तर त्या डोसनं रक्तातल्या लाल पेशी फुटतात हो, ही साधी गोष्ट नाही. मायर्स कॉकटेलचं कौतुक मात्र सगळ्यांनी केलं. जॉन मायर्स नावाच्या बाल्टिमोरच्या डॉक्टरांवरून हे नाव पडलंय, मॅग्नेशियम, कॅल्शियम, बी आणि सी व्हिटॅमिन असं मिश्रण असतं, पण निरोगी माणसाचा थकवा त्यानं जातो असा भक्कम पुरावा नाही.

शेवटी तिला एमडी फिजिशियनकडं नेलं. त्यांनी आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ या रक्ताच्या तपासण्या करायला लावल्या. आमचं घर पूर्ण शाकाहारी, बी१२ कमीच निघालं, लोहपण कमी. बी१२ ची इंजेक्शनं दंडात, लोहाच्या गोळ्या, सलाईनची गरजच नाही म्हणाले, आणि एका ग्लो ड्रिपच्या पैशात तपासण्या, औषधं सगळं झालं. नणंदेलाही पटलं.

कुणाला तक्रार करायची असेल तर डॉक्टरबद्दल मेडिकल कौन्सिलकडं, औषधाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडं करायची. त्या बॉक्सबद्दल मी लेखी तक्रार दिलीय आणि पोच घेतलीय, पुढं काय झालं ते विचारायला परत जाणार आहे.